अण्णांनी गाडीचे पाटे उतरवले

अण्णांची पिकअप फाट्यावरून शिरड शहापूरमध्ये वळली की माय चुलीवर तवा ठेवायची. फाट्यापासून आमच्या दारापर्यंत गाडी यायला जेवढा वेळ लागायचा, तेवढ्यात पहिली भाकर फुगून निघायची. गाडी रिकामी असली तर मागची साखळी, फळका आणि पाटे अशी तिघं मिळून बोंबलायची, आणि भरलेली असली तर नुसतं इंजिन घुरघुरायचं. त्यावरून माय किती पीठ मळायचं ते ठरवायची, कारण भरलेल्या गाडीबरोबर हमाल जेवायला असायचे. आज माझ्या दारात गाडी येऊन उभी राहते तरी मला पत्ता लागत नाही, मुलगा आत येऊन "आई, किती हाका मारल्या" म्हणतो. पण त्या गाडीचा आवाज अजून कानात आहे, कोणत्या खड्ड्यात कोणता आवाज यायचा ते सुद्धा.

ती साधी पिकअप नव्हती, चारही चाकं ओढणारी होती. अण्णा धरणाच्या कामावर ड्रायव्हर होते तेव्हा ते तीच चालवायचे. काम संपलं, माणसं घरी पाठवली आणि गाड्या लिलावात काढल्या. अण्णांनी मग बोली लावून आपलीच गाडी घरी आणली. तेव्हा आमचा जिल्हा परभणी होता, हिंगोली नुसता तालुका, आणि डोंगराकडच्या तांड्यांना रस्ता म्हणजे बैलगाडीची चाकोरी. पावसाळ्यात काळ्या मातीत बैल सुद्धा गुडघाभर रुतायचे, तिथे अण्णांची गाडी जायची. हळदीच्या दिवसांत तांड्यावरून पोती भरून हिंगोलीच्या बाजारात न्यायची हे अण्णांचं काम, आणि तांड्यावर पाळणा लांबवायच्या गोळ्या वाटण्यापासून बाळंतपणापर्यंत सगळं बघायचं हे मायचं. माय सरकारी नर्स होती. गावात ती कुणाची मावशी, कुणाची काकू, पण तांड्यावर फक्त नरसबाई.

आमच्याकडे गाडीची परीक्षा एकाच गोष्टीवर व्हायची. पोती टाकल्यावर गाडी बसते की नाही. चाकाच्या वर आडव्या रचलेल्या लोखंडी पट्ट्या असतात, त्यांना पाटे म्हणतात, गाडीचा सगळा भार त्यांच्यावर. भार पडला की पाटे वाकतात आणि गाडीचं बूड खाली जातं. बाजारात एखाद्याची गाडी अशी खाली गेलेली दिसली की हमाल ओरडायचे, "बसली, बसली," आणि ड्रायव्हर मान खाली घालून निघून जायचा. अण्णांना ते सहन होण्यासारखं नव्हतं. त्यांनी हिंगोलीच्या उस्मान मिस्त्रीकडे जाऊन मागच्या पाट्यांत आणखी जाड पाटे घालून घेतले, आणि पाटे नि दोन चाकांना जोडणारा धुरा यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे बसवून गाडी वीतभर उंच केली. घरी आले ते नवरदेवासारखे. गल्लीतल्या सगळ्यांना खाली वाकून पाहायला लावलं. मायला सुद्धा भाकरी सोडून बाहेर बोलावलं.

"पाहा. आता पहाड टाक मागं, हलणार न्हाई."

माय पदराला हात पुसत म्हणाली, "हलणार न्हाई ते ठीक हाय. मला चढायला स्टूल लागंल आता."

त्या गाडीचा दरारा झाला. हळदीची पोती थप्पी लावून भरली तरी तिचं बूड तसूभर खाली जात नसे. हमाल कौतुकाने चाकाला लाथ मारून बघायचे. मला त्या वेळी अण्णांचा किती अभिमान वाटायचा ते काय सांगू. मी हिंगोलीच्या कॉलेजात जायचे, आणि येताना बसची वाट न बघता बाजारात जाऊन त्या उंच गाडीत अण्णांशेजारी बसून यायचे. रस्ता मोकळा असला की ते मला चालवायला द्यायचे. आमच्या गावात तोवर बाईने गाडी चालवलेली कुणी पाहिली नव्हती. लोक अण्णांना विचारायचे, "पोरीला काहून शिकवून राहिले?" अण्णा म्हणायचे, "म्या थकलो तर काय बैल जुंपू?"

मग पुतळाबाईचं झालं. ती तांड्यावरची, माझ्याहून थोडी मोठी, हातभर पांढऱ्या बांगड्या घालणारी, हसली की सगळ्या खुळखुळायच्या. पहिलटकरीण होती. कळा सुरू झाल्या आणि मायने पाहून सांगितलं की इथे जमायचं नाही, हिंगोलीला न्यावं लागेल. अण्णांनी गाडी नेली. मागे गोधडी टाकून तिला निजवलं, माय शेजारी बसली. तांड्यावरून खाली ओढ्यापर्यंतची उतरण नुसती धोंड्यांची. रिकाम्या गाडीचे ते जाड पाटे कशाला वाकतात? प्रत्येक धोंड्याचा धक्का जसाच्या तसा वर यायचा. माय पुढे सांगायची की बिचारी गोधडीवरून उचलली जाऊन आपटत होती, आणि तिच्या बांगड्या एकसारख्या वाजत होत्या. ओढ्याजवळ पोचल्यावर तिने मागच्या फळक्यावर हात मारला आणि म्हणाली, उतरवा मला, मी पायी जाते. कुणाचं ऐकेना. उतरली, ओढा पायी ओलांडला, आणि पलीकडच्या जांभळाखाली बसली ती तिथेच बाळंत झाली. लेकरू रडलं नाही.

मायने नंतर मोठ्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, नाळेचा फास होता, गाडीचा संबंध नाही. मायने तसं तांड्यावर जाऊन सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं, नरसबाईला चहा दिला आणि ठरवलं की यापुढे बाळंतीण त्या गाडीत बसणार नाही. बाजेवर घालून खांद्यावर नेऊ, म्हणाले. अण्णांना कुणी एक शब्द बोललं नाही. उलट हळद भरायला पूर्वीसारखेच हाका मारायचे. पण हळदीची पोती चालतात आणि बायका चालत नाहीत, हे अण्णांना फार लागलं. जेवताना ते ठेच्याला हात लावायचे नाहीत, आणि ठेचा न खाणारे अण्णा म्हणजे आजारी अण्णा, एवढं आम्हाला कळत होतं.

अण्णांनी आधी एक युक्ती काढली. भरलेली गाडी धक्के देत नाही हे त्यांना ठाऊक होतंच, पोत्यांवर बसून येणारे हमाल डुलक्या काढत यायचे. मग बाळंतिणीच्या शेजारी वाळूची पोती टाकायची, भाराने पाटे दबतील, गाडी मऊ चालेल. माय ऐकून म्हणाली करून तर बघा. अण्णांनी वाळू भरली, पहिला पाऊस होऊन गेलेल्या चिकणमातीत गाडी घातली, आणि ती धुऱ्यापर्यंत रुतली. रिकामी गाडी जिथे हसत जायची तिथे वाळूची गाडी तळ ठोकून बसली. तांड्यावरच्या माणसांनी बैल लावून बाहेर ओढली. ज्या गाडीने आजवर दुसऱ्यांना ओढून काढलं, ती बैलांच्या मागे आली. अण्णा त्या दिवशी घरी आले ते हात-पाय न धुता बाजेवर आडवे झाले.

पुढच्या वर्षी हळद शिजायच्या हंगामात माय तांड्यावरून आली आणि येसराच्या आमटीला फोडणी देता देता म्हणाली की पुतळाबाईला पुन्हा दिवस गेलेत. भर पावसाळ्यात भरतील. या वेळी तिला दवाखान्यात न्यायलाच पाहिजे, मागच्यासारखं झालं तर बाई हाताला लागायची नाही. "बाजेवर घालून ओढ्याच्या पाण्यातून नेतो म्हणून राहिले. पाणी आलं तर कसं नेतील?"

अण्णा म्हणाले, "गाडी हाय ना."

"ती बसणार न्हाई तुमच्या गाडीत."

"काय खोट हाय गाडीत? धक्का कोणत्या गाडीला बसत न्हाई? म्या रोज बसतो."

मायने पळी खाली ठेवली. ती कधी आवाज चढवायची नाही, पहाटे वंदना म्हणताना जो आवाज तोच भांडताना. म्हणाली, "तुमी पुढं बसता. गादीवर. हाती चाक धरून. एकदा मागं झोपून पाहा."

अण्णा हसले. मला वाटलं, झालं, विषय संपला. पण सकाळी उठून पाहते तर अण्णांनी गाडीत गोधडी टाकली होती आणि चावी माझ्यापुढे धरली होती. "संघा, चल. तांड्याच्या वाटंनं. जशी म्या चालवतो तशीच चालव, हळू करू नको." मायने भाकरी बांधून दिली, जणू आम्ही यात्रेला निघालो होतो.

मी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा ती धोंड्यांची उतरण चालवली. वर जाताना ठीक होतं. खाली येताना मागून धपाधप आवाज यायला लागला. आधी अण्णा मोठ्याने सूचना देत होते, डावीकडून घे, गिअर सोडू नको. मग सूचना बंद झाल्या. मग नुसतं "अं, अं" ऐकू यायला लागलं. ओढ्याच्या काठाशी वाट तिरपी आहे, तिथे गाडी एका अंगाला कलली आणि जागीच गुरगुरायला लागली. दार उघडून मागे वाकून पाहिलं तर मागचं एक चाक हवेत गरगर फिरत होतं. पाटे इतके ताठ की चाक खाली खड्ड्यात उतरायलाच तयार नव्हतं. चारही चाकं ओढतात खरी, पण जमिनीला टेकली तर. मागे अण्णा उठून बसले होते. कपाळावर टेंगूळ, ओठ फुटलेला. त्यांनी त्या हवेतल्या चाकाकडे बराच वेळ पाहिलं. मग जांभळाच्या झाडाकडे पाहिलं.

"तिनं एवढं सोसलं," ते म्हणाले. "आन म्या पुढून म्हनत व्हतो, घाबरू नको बाई, काही व्हत न्हाई."

माझ्या अण्णांना मी त्या क्षणी जेवढं मानलं तेवढं आधी कधी मानलं नव्हतं, आणि आधीही काही कमी मानत नव्हते. गावभर ज्याची वाहवा झाली ते आपणच मोडायचं, हे पुष्कळांना जमत नाही. मी पुढे शाळेत शिकवलं, मोठी मोठी माणसं पाहिली, चुकलं हे कळूनही शेवटपर्यंत ताठ राहिलेली. अण्णा घरी आले, ओठावर हळद लावून घेतली आणि दुपारीच हिंगोलीला उस्मान मिस्त्रीकडे गेले. मी बरोबर होतेच.

उस्मान मिस्त्री हा मोठ्या आवाजाचा, मोठ्या पोटाचा माणूस. आपण बसवलेले पाटे काढायचे म्हटल्यावर तो चिडलाच. "अण्णा, दिमाग ठिकाने पे है क्या? पाटे निकाले तो हल्दी क्या सर पे लेके जाते?" अण्णा म्हणाले, हळद थोडी नेईन. "बाजार में हसेंगे लोगां." अण्णा म्हणाले, हसू दे. मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. मग अण्णांनी त्याला ओठ दाखवला आणि मागे झोपून आल्याचं सांगितलं. मिस्त्री मोठ्याने हसायला लागला, हसता हसता थांबला, आणि कशासाठी झोपला होतात म्हणून विचारलं. पुतळाबाईचं ऐकल्यावर दुकानातल्या दुसऱ्या गाडीचं काम बाजूला सारून त्याने आमच्या गाडीखाली जॅक लावला.

ठोकळे निघाले, जाड पाटे निघाले, मूळचे होते तेही निघाले. भंगारातल्या एका जुन्या मिनीबसचे पातळ आणि लांब पाटे त्याने शोधून काढले. माणसं वाहणारी गाडी होती ती, म्हणाला, या पाट्यांना माणसाची सवय आहे. जुने असल्याने ते सपाट झाले होते, म्हणून ऐरणीवर ठोकून ठोकून त्यांना पुन्हा बाक दिला. लांबी जास्त भरली तेव्हा मागची अडकवण्याची जागा सरकवून नव्याने वेल्डिंग केली. चाकाची उसळी आवरणारे शॉकअपही लांब दांड्याचे बसवले, नाहीतर चाक खाली उतरताना जुने शॉकअप त्याला धरून ठेवतील. पाट्यांच्या मध्ये ग्रीस थापलं. हे काम बरेच दिवस चाललं, आणि मी कॉलेज सुटलं की तिथे जाऊन बसायचे. मिस्त्रीची बायको आतून खिमा आणि गरम रोट पाठवायची. त्या ऐरणीवरच्या घणाचा आवाज आणि खिम्याचा वास मला आजही एकत्रच आठवतात.

गाडी घरी आली त्या दिवशी मायने फाट्यावरचा आवाज ऐकलाच नाही. गाडी दारात उभी आणि तवा थंड. "मेली का काय ही?" म्हणत ती बाहेर आली. अण्णा म्हणाले, "चल, झोप मागं."

मग आमच्या घरात एक नवीनच रीत पडली. सुट्टीच्या दिवशी माय दुपारी गाडीत गोधडी टाकून झोपायची, मी किंवा अण्णा गाडी तांड्याच्या वाटेला घालायचो, आणि माय मागून सांगायची कमरेला कुठे लागलं, पोटात कुठे हललं. नर्स होती, बाळंतिणीला कुठे काय दुखतं ते तिला आपल्या अंगावरून सांगता यायचं. वाटेने जाणारे लोक बघायचे, नरसबाईला काय झालं म्हणून विचारायचे. माय झोपल्या झोपल्याच सांगायची, "काही न्हाई, हवा खाऊन राहिले." पहिल्या फेरीत धक्का एकही लागला नाही, पण गाडी अशी डुलली की माय ओढ्यापाशी उतरून ओकली. "आधी हाडं मोडत व्हती, आता आतडी ढवळते," ती म्हणाली. परत मिस्त्रीकडे. त्याने एक पाटा वाढवला, शॉकअपचा कोन बदलला, आणि खोल खड्ड्यात धुरा वर आदळू नये म्हणून रबराचे गुटके लावले. पुन्हा माय झोपली. या वेळी उतरणीवरून खाली येताना मागून तिचा आवाजच येईना. घाबरून मी गाडी थांबवली. माय घोरत होती.

बाजारात हसले, ते मात्र खरं. पोती टाकताच गाडी खाली गेली आणि हमालांनी ठरल्याप्रमाणे "बसली, बसली" सुरू केलं. अण्णा फळक्याला टेकून बिडी ओढत होते. "पुरे, खाली उतरव दोन पोते," एवढंच म्हणाले. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली, पण आमच्यात तशी पद्धत नव्हती, म्हणून मी दोन पोती उतरवायला हात लावला.

पुतळाबाईचं मन वळवायला माय कितीदा गेली ते तीच जाणे. शेवटी तिने तांड्यावरच्या बायकांना सांगितलं की मी स्वतः झोपून आले, घोरले, विचारा माझ्या पोरीला. पुतळाबाई म्हणाली, बघू. दिवस भरले त्या दिवशी दुपारी तिला हिंगोलीला मुलगी झाली, आणि ती जन्मतःच अशी रडली की बाहेर व्हरांड्यात आम्हाला ऐकू आलं, हे मी आताच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको. मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं आहे.

त्या सकाळी तांड्यावर पोचलो तेव्हा पाऊस झिमझिमत होता. पुतळाबाई कळा सोसत दारात उभी होती. तिने गाडीकडे पाहिलं, मग मायकडे. सासूचा हात सोडून ती गाडीत चढली आणि गोधडीवर कुशीवर झाली. डोळे गच्च मिटले, आणि फळक्याची कड एका हाताने पकडली. मी आणि माय दोन्ही बाजूंनी बसलो. वर ताडपत्री. अण्णा गाडी चालवत होते. गाडी उतरणीला लागली. मी पुतळाबाईच्या बांगड्यांकडे पाहत होते. चाकं एका धोंड्यावरून दुसऱ्यावर उतरत होती, ताडपत्रीच्या फटीतून मला ते दिसत होतं, पण आत गोधडी नुसती वरखाली होत होती. मधूनच एखादी बांगडी किणकिणायची. ओढ्याला पाणी होतं, चाकाच्या मध्यापर्यंत. तिरप्या काठावर गाडी कलली, मागचं चाक खाली खड्ड्यात उतरलं, टेकलं आणि गाडी वर चढली. जांभूळ मागे गेलं.

थोडं पुढे सपाटीला आल्यावर गाडी थांबली. अण्णा मागे आले आणि ताडपत्री उचलली. चेहरा पावसाने भिजलेला, नुसत्या पावसानेच असंही म्हणवत नाही. लागलं का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. गाडी थांबलेली कळताच पुतळाबाईने फळका आणखी घट्ट पकडला. डोळे मिटलेलेच.

"ओढा आला का, अण्णा?" ती म्हणाली. "म्या उतरणार न्हाई. तुमी घाला गाडी."

मायने माझ्याकडे पाहिलं. अण्णा ताडपत्री धरून तसेच उभे. माय तिच्या कपाळावरून हात फिरवत म्हणाली, "ओढा मागं राहिला, पुतळा."

पुतळाबाईने डोळे उघडले. कोपरावर उठून ती फळक्यावरून मागे बघायला लागली. ओढा होता, ते झाड होतं, पाऊस होता. मग तिने हळूहळू फळक्यावरची बोटं सोडवली, दोन्ही हात पोटावर ठेवले आणि अण्णांना म्हणाली, "मग काहून थांबले?"